सुटी बिडी आणि दहा वर्षांचे गिऱ्हाईक

या जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर कापसाची खरेदी, पीकविमा आणि कृषिपंपाची वीज हे नेहमीचे विषय आहेत. त्यांच्या खाली एक विषय नवा आहे. गावातल्या पोरांच्या हाती बिडी-खर्रा पडू नये यासाठी गावाने आणि सरकारने काय करावे, असा. महिला आघाडीच्या आग्रहाने तो घेतला आहे. विषयपत्रिका तालुक्यांना पोचली तसे काही जुन्या कार्यकर्त्यांचे निरोप आले. एकाने विचारले, 'आता आपण व्यसनमुक्तीची कीर्तने करायची का?' दुसऱ्याचा सवाल जास्त धारदार होता. 'सरकारने शेतकऱ्याच्या चुलीपर्यंत येऊ नये असे आपण जन्मभर सांगत आलो. आता आपणच त्याला पोरांचे खिसे तपासायला बोलावणार?'

पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज नाही. कीर्तनाला लागणारा गळा आमच्यापाशी नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र द्यायला हवे, कारण प्रश्न आपल्या विचाराच्या मुळाशी जातो.

पन्नाशीचा शेतकरी डवरणी थांबवून धुऱ्यावर बसतो आणि बिडी पेटवतो. त्याच्या हातातली बिडी काढून घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. त्याला कळते, त्याचे त्याने ठरवावे. माल कुठे विकायचा, काय पेरायचे, काय खायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, यावर आपली सगळी मांडणी उभी आहे. पण ही मांडणी जाणत्या माणसासाठी आहे. २०१९ साली देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींची एक पाहणी केंद्राच्या आरोग्य खात्याने करवून घेतली. शंभरातली साडेआठ मुले तंबाखू वापरणारी निघाली. त्याहून वाईट आकडा पुढे आहे. बिडी ओढून पाहिलेल्या मुलांपैकी ४७ टक्के मुलांनी पहिली बिडी दहावे वर्ष पूर्ण व्हायच्या आत ओढली होती. सिगारेटवाल्यांत हे प्रमाण ३८ टक्के, तंबाखू खाणाऱ्यांत ५२ टक्के. दहा वर्षांच्या पोराच्या नावावर आपण सातबारा करत नाही, केला तर पालक लावावा लागतो. त्याला बैलजोडीचा सौदा करू देत नाही. मग बिडीचा सौदा करताना तेवढा तो स्वतंत्र नागरिक कसा होतो, हे प्रश्न विचारणाऱ्या मित्राने आम्हाला समजावून द्यावे.

आमचा मूळ धंदा शेतकीचा, म्हणून इथे थोडे शेतकीचे सांगतो. शेतकी कॉलेजात मावा म्हणजे ज्वारीवर आणि कपाशीवर पडणारी कीड. पश्चिम महाराष्ट्रात टपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून देतात त्यालाही मावाच म्हणतात. आपल्या खर्ऱ्याचा तो भाऊ. जुने लोक कपाशीवरचा मावा मारायला तंबाखूचा काढा फवारत. त्यात मारणारी गोष्ट निकोटीन. आज कपाशीच्या बियाण्याला जे इमिडाक्लोप्रिड चोळलेले असते, ते त्याच निकोटीनच्या वळणावर कारखान्यात बनवलेले आहे. त्या औषधांच्या गटाचे नावच निओनिकोटिनॉइड, म्हणजे नवे निकोटीन. किडीच्या मज्जातंतूंवर ते ज्या जागी जाऊन बसते, तशा जागा माणसाच्या मेंदूतही आहेत. बिडीतल्या मात्रेने पोरगे मरत नाही, त्याला चटक लागते. माणसाचा मेंदू विशी-पंचविशीपर्यंत घडत असतो. दोन पानांवरच्या रोपाला आणि बोंडे धरलेल्या झाडाला एकच मात्रा चालत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

अमेरिकेच्या सर्जन जनरलने २०१२ साली काढलेल्या अहवालात म्हटले आहे की, रोज सिगारेट ओढणाऱ्या दहा प्रौढांपैकी जवळजवळ नऊ जणांनी पहिली सिगारेट अठराच्या आत ओढलेली असते. कंपन्यांना हे फार आधीपासून माहीत होते. तिकडच्या खटल्यांत कंपन्यांची कपाटे उघडावी लागली, तेव्हा आर. जे. रेनॉल्ड्स या कंपनीचा १९८४ सालचा एक आतला अहवाल बाहेर आला. जुनी गिऱ्हाइके कमी होतात, त्यांची जागा भरून काढायला तरुणांवाचून दुसरा पुरवठा नाही, असा त्याचा सरळ मतलब. आपल्याला दर हंगामात बियाण्याची पाकिटे विकत आणावी लागतात. या धंद्याचे बियाणे आपल्या घरात वाढते आणि त्याची किंमतही आपणच भरतो.

आता कायद्याकडे येऊ. कायदे कमी नाहीत. १९७५ साली सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्याचा कायदा झाला तेव्हा बिडी त्यातून वगळली होती. पुढे २००३ साली सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य मालाचा मोठा कायदा आला. त्याच्या सहाव्या कलमात आहे की, अठरा वर्षांखालच्या कोणाला तंबाखूचा माल विकायचा नाही आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्री करायची नाही. दंड २०० रुपयांपर्यंत. २०१५ च्या बालन्याय कायद्याने तर टोकच गाठले. मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एकाच गुन्ह्याला एका कायद्यात २०० रुपये आणि दुसऱ्यात सात वर्षे, असा हा कारभार आहे. २०० रुपयांचे कोणाला भय वाटत नाही, आणि सात वर्षे लावण्याची हिंमत कोणता ठाणेदार करील? गावातल्या माणसाला बिडीसाठी सात वर्षे तुरुंगात धाडावे असे आम्हालाही वाटत नाही.

१०० यार्ड म्हणजे ९१ मीटर. आपल्या लहान गावांत जिल्हा परिषदेची शाळा बहुधा गावठाणाच्या मधोमध असते. तिच्या कुंपणापासून चहूबाजूंनी ९१ मीटर मोजा. पंचायत, मारुतीचे देऊळ, सोसायटी आणि अर्धे गाव आत येईल. पानठेलेही आत येतील. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शहरातली शाळा आणि तिच्यापुढचा रस्ता होता, ज्वारीच्या पेंढ्या रचलेली गल्ली नव्हती.

आणि विक्री कोणाला होते? संध्याकाळी कोणत्याही गावात ठेल्यावर अर्धा तास उभे राहा. 'बाबानं कट्टा मांगतला' म्हणत पोरे येतात. पोरगे बाबासाठी घेते, म्हणून ठेलेवाल्याला त्यात काही वावगे वाटत नाही आणि बाबालाही वाटत नाही. कायद्याच्या नजरेने प्रत्येक वेळी गुन्हा झाला. आजा चुलीपाशी बसलेल्या नातवाला बिडी पेटवून आणायला सांगतो. नातवाला ती एक झुरका घेऊनच पेटवता येते. घरातल्या माणसांनी, प्रेमाच्या माणसांनी हे शिकवलेले असते. कोणताही पोलीस तिथे पोचणार नाही आणि पोचूही नये.

बंदी हा उपाय काहींना सोपा वाटतो. गुटख्याची बंदी आपण पाहिली. महाराष्ट्राने २००२ साली एकदा केली, ती सुप्रीम कोर्टात २००४ मध्ये टिकली नाही. मग अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली जुलै २०१२ पासून पुन्हा केली, ती वर्षावर्षाला वाढवत आणली. गुटखा मिळायचा थांबला का? सुपारीची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही फोडून तळहातावर एक करायच्या. सीमेपलीकडून मूळ मालही येतो, फक्त भाव चढा असतो आणि त्या चढ्या भावात कोणाकोणाचा वाटा आहे हे तालुक्याला ठाऊक असते. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारू बंद झाली आणि २०२१ साली सरकारनेच बंदी उठवली. कापूस एकाधिकारात आपला कापूस सीमेपलीकडे नेण्यावर बंदी होती, तेव्हा नाक्यावर कोण पोसले गेले हे जुन्या माणसांना विचारा. न्यूझीलंडने २०२२ च्या अखेरीस कायदा केला की, २००९ पासून पुढे जन्मलेल्याला सिगारेट कधीच विकायची नाही. सरकार बदलले आणि २०२४ मध्ये तो कायदा लागू व्हायच्या आधीच रद्द झाला. मालदीवने तशी बंदी नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली आहे. बेटांचा लहान देश आहे, त्यांचे काय होते ते दिसेल. आपल्या ठेल्यावर जन्मतारीख तपासून बिडी विकली जाईल, ही आशा आम्ही धरत नाही.

मग पोरगे कशाने अडते? किमतीने. भाव वाढला की खप घटतो, हे बाजाराचे साधे गणित तंबाखूलाही लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की, किंमत १० टक्क्यांनी वाढली तर आपल्यासारख्या देशांत खप सुमारे ५ टक्क्यांनी उतरतो, आणि पोरांमध्ये त्याहून बराच जास्त उतरतो. कारण उघड आहे. ज्याला चटक लागून वीस वर्षे झाली तो दुसरा खर्च कापून बिडी घेईल. ज्याला अजून लागलेली नाही आणि ज्याच्या खिशात बाजाराचे उरलेले दोन रुपये आहेत, तो पेपरमिंट घेईल.

यासाठी सुट्या विक्रीचा प्रश्न आम्हाला सगळ्यांत मोठा वाटतो. पोरगे कट्टा घेत नाही, त्याच्यापाशी तेवढे पैसे नसतात आणि लपवायला जागाही नसते. ते एक बिडी घेते. कट्ट्यावर तंबाखूने होणाऱ्या रोगाचे अंगावर येणारे चित्र असते. २०१६ पासून ते पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापायचे आहे. सुट्या बिडीवर चित्र नसते, इशारा नसतो, वाढलेल्या कराचा चटकाही नसतो. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने सप्टेंबर २०२० मध्ये नेमका हाच आदेश काढला, सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायची नाही असा. आदेश चांगला होता. कोरोनाच्या गर्दीत तो निघाला आणि त्याच गर्दीत विसरला गेला. आमच्या जिल्ह्यात ज्या ठेलेवाल्यांना विचारले, त्यांतल्या बहुतेकांनी तो ऐकलाही नव्हता.

आपल्या भागापुरते आणखी एक. ओढण्यावर सगळा भर दिला तर नेम चुकेल. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ शंभरात चारही भरले नाहीत, तंबाखू खाणारे चोवीसवर भरले. खर्रा तर पुडीतही येत नाही, गिऱ्हाइकासमोर घोटून पन्नीत बांधून मिळतो. त्याच्यावर चित्र कुठे छापणार? गडचिरोलीत २०१६ पासून 'सर्च' संस्था आणि सरकार मिळून मुक्तिपथ नावाचे काम करत आहेत. गावाने ठराव करायचा, गावाने ठेल्यावर लक्ष ठेवायचे, सोडू पाहणाऱ्याला उपचार द्यायचे, असा त्याचा रोख. डॉक्टर मंडळींशी आपले काही बाबतींत पटत नसेल, पण काम गावाच्या हाती ठेवण्याची ही रीत आपल्या विचाराला धरून आहे.

आता सर्वांत अवघड जागा. तंबाखू पिकवणारा शेतकरीच आहे. १९८१ साली निपाणीला पुणे-बंगळूर रस्त्यावर तंबाखू उत्पादक भावासाठी बसले होते, तिथे गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे रक्त सांडले. ती लढाई आपली होती आणि आजही आपली आहे. त्या भागातली बिडीची तंबाखू कोरडवाहूच, काळ्या रानात पावसाच्या ओलीवर येणारी. त्या शेतकऱ्याची अडचण कपाशीवाल्याला कळणार नाही तर कोणाला? मग तंबाखूवर कर वाढवा असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आम्ही म्हणतो ते असे. बिडी स्वस्त का आहे ते बघा. शेतकऱ्याला तंबाखूचा भाव मिळत नाही म्हणून स्वस्त. सोलापूर, संगमनेर, निपाणीच्या बाया दिवसभर मान मोडून हजार बिड्या वळतात त्याची मजुरी तुटपुंजी म्हणून स्वस्त. आणि सरकार कर कमी लावते म्हणून स्वस्त. गुंटूरचे तंबाखू मंडळ आहे ते सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूपुरते, बिडीवाल्याला त्याची सावलीही नाही. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर २८ टक्के आणि वर उपकर लागला, बिडीवर उपकर लागला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कौन्सिलने तंबाखूच्या बाकी मालाला ४० टक्के ठरवले आणि बिडीचे २८ वरून १८ केले, तेंदूपानाचे १८ वरून ५. दरवेळी नाव पुढे करतात ते गरीब कामगाराचे आणि शेतकऱ्याचे. या सवलतीतले किती पैसे बिडी वळणाऱ्या बाईच्या हातावर पडणार, हे कोणी सांगितलेले नाही. कारखानदाराला माल स्वस्तात विकता येतो, गिऱ्हाईक वाढते, आणि ते गिऱ्हाईक आपल्या शाळेच्या कुंपणाशी उभे असते. साखर स्वस्त ठेवायला उसाचा भाव पाडला, कापड स्वस्त ठेवायला कापसाची निर्यात अडवली. त्याच मापाने बिडी स्वस्त ठेवली आहे. इतर वेळी आपण या स्वस्ताईला नावे ठेवतो, इथे गप्प का बसावे?

म्हणून आमचे मागणे असे आहे की, बिडीवर सिगारेटसारखाच कर लागावा, आणि वाढलेल्या कराचा पैसा तिजोरीत गडप न होता तंबाखू सोडू पाहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला आणि बिडी कामगार बायांना दुसरे काम उभे करायला मिळावा. पैसा असा वळता झाला नाही तर आम्ही या कराच्या बाजूने बोलणार नाही, हेही ठरावात असावे.

ठेलेवाल्याचेही बोलले पाहिजे. तो कोणी परका नाही. तीन एकराची पराटी बोंडअळीने खाल्ली, बारावी झाली, नोकरी नाही, म्हणून चार पत्रे उभे केलेले ते पोर आहे. त्याला इन्स्पेक्टरच्या तावडीत देऊन लायसेन्स राज पुन्हा आणायचे का? मुळीच नाही. पण दारूच्या दुकानाबाबत आडव्या बाटलीचे मतदान आपल्याकडे आहे. गावातल्या बाया निम्म्याहून जास्त मतांनी दुकान बंद करू शकतात. तसा अधिकार तंबाखूबाबत ग्रामसभेला द्या. कोणत्या ठेल्याने तंबाखू ठेवायची, शाळेपासून किती लांब, सुटी विकली तर किती दिवस ठेला बंद, हे गाव ठरवील. ठेलेवाला गावातला, दंड ठरवणारे गावातले, दंडाचा पैसाही गावातच. त्यात भावकीचे राजकारण शिरेल हे आम्ही जाणून आहोत. मुंबईहून आलेल्या परिपत्रकापेक्षा ते परवडले.

सरकारकडे मागायचे ते झाले. आपल्या हातातले काय, यावर महिला आघाडीने दोन गोष्टी सुचवल्या आहेत आणि त्या पुरुष मंडळींना झोंबणार आहेत. एक, कोणत्याही घराने पोराला बिडी-खर्ऱ्यासाठी ठेल्यावर पाठवायचे नाही. दोन, वेचणीला आणि निंदणीला मजुरीबरोबर खर्रा-बिडी देण्याची पद्धत बंद करायची. वेचणीला शाळा बुडवून आलेली पोरे असतात आणि वाटप होते तेव्हा त्यांच्या हातावरही पडते. खर्रा बंद केला तर मजूर शेजाऱ्याच्या वावरात जातात, अशी तक्रार लगेच येईल. ती खरी आहे. म्हणून ही गोष्ट एकट्या शेतकऱ्याने करण्यासारखी नाही, अख्ख्या गावाने एकाच हंगामात करायची आहे, आणि जेवढ्याचा खर्रा जात होता तेवढे पैसे मजुरीत वाढवून द्यायचे आहेत.

पैशाचा हिशेब घरोघर करून बघा. बिडी, खर्रा मिळून एका माणसाचे रोजचे ३० रुपये धरले तर वर्षाचे १०,९५० होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला. म्हणजे जवळजवळ तीन क्विंटल ज्वारी. तीही हमीभावाने विकली गेली तर. घरात बाप आणि दोन पोरे असतील तर तिप्पट करा.

तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी असतो. त्या दिवशी शहरात फेऱ्या निघतात. आपण तेव्हा मृगाच्या तयारीत, बियाण्याच्या रांगेत असतो. म्हणून आपला ठराव आता, वेचणीच्या आधी व्हावा असे ठरले आहे. मसुदा तालुका प्रमुखांकडे पोचला आहे. ज्यांना कराच्या कलमाला विरोध करायचा आहे त्यांनी तो बैठकीत उघड करावा, निपाणी भागातल्या दोन-तीन तंबाखू उत्पादकांना आम्ही मुद्दाम बोलावले आहे, त्यांचे आधी ऐकावे. दुरुस्त्या लेखी आणाव्यात. आणि मंडपाच्या दाराशी दरवेळी जो ठेला लागतो त्याला या खेपेस सुटा माल ठेवू नको असे सांगितले आहे. त्याने मान्य केले, फक्त विचारले की पुढाऱ्यांनी मागितले तर काय करू.